एचपीच्या उठाबशा: शून्यावर गेलेला फायटर दर राउंडला उठतो, त्याचं काय करायचं?

डी अँड डी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ, खेळत असाल तर लक्षण ओळखीचं असेल. तिसऱ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी), समोर ओगर हा राक्षस. ओगरचा सोटा बसतो, फायटरचे एचपी (हिट पॉइंट, म्हणजे अंगातली धुगधुगी मोजणारा आकडा) शून्यावर जातात आणि तो बेशुद्ध पडतो. क्लेरिक, म्हणजे पार्टीतला पुजारी, लांबूनच ‘हीलिंग वर्ड’ हा जखमा भरायचा मंत्र टाकतो, फायटरला पाचेक एचपी मिळतात, तो उठतो, पडलेली तलवार उचलतो आणि वार करतो. ओगर पुन्हा हाणतो, फायटर पुन्हा आडवा. क्लेरिक पुन्हा ‘हीलिंग वर्ड’. ओगर मरेपर्यंत हेच चालू. कोणी मरत नाही, कोणी घाबरत नाही, आणि शून्यावर जाणं हा नुसता सोपस्कार होऊन बसतो.

आमच्या सांगलीच्या टेबलावर याला उठाबशा म्हणतात. डी अँड डीची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांना हा त्रास कधी ना कधी होतोच. मग डीएमचा (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचा) हात पहिला जातो तो राक्षसाचे एचपी वाढवण्याकडे, नाहीतर पार्टीचे कापण्याकडे. त्याने काही साधत नाही. राक्षसाचे वाढवले की उठाबशा जास्त वेळ चालतात, पार्टीचे कापले की लवकर सुरू होतात. दुखणं एचपी किती आहेत यात नाही. शून्यावर जायला काही किंमत मोजावी लागत नाही, यात आहे.

आधी खात्री करा की तुमचं दुखणं हेच आहे

एचपीवरून कुरकुर झाली की सगळे एकाच पेटीतलं औषध काढतात, म्हणून तीन वेगळी दुखणी आधी बाजूला काढतो.

लढाया रटाळ होत असतील तर राक्षसाचे एचपी कमी करा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात ओगरचे एचपी ७डी१०+२१ (दहा बाजूंचे सात फासे, अधिक २१), म्हणजे २८ पासून ९१ पर्यंत काहीही चालतं; पुस्तकातले ५९ ही फक्त सरासरी. ४५ घ्या, वाराला थोडं जास्त डॅमेज द्या, लढाई आटपशीर होते.

पहिल्या लेव्हलला विझार्ड (मांत्रिक) पटापट मरत असेल तर तेही वेगळं. त्याचे एचपी ८ आणि गोब्लिनचा साधा वार १डी६+२, म्हणजे एका फटक्यात ८ जाऊ शकतात. पहिल्या लेव्हलपुरते थोडे एचपी वाढवून द्या आणि विषय संपवा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तसंच होतं: फायटरला १५ अधिक अख्खा कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) आकडा.

तिसरं, लेव्हल वाढताना फाशावर १ पडला म्हणून रुसलेला खेळाडू. फासा टाकू द्या, सरासरीपेक्षा कमी पडला तर छापील सरासरी घेऊ द्या. डी१० ला ही सवलत दिली तर लेव्हलमागे सरासरी ७ पडतात, छापील आकड्यापेक्षा एकच जास्त. एवढ्याने खेळ बिघडत नाही.

यातलं काही नसेल आणि तरी माणसं उठाबशा काढत असतील तर पुढे वाचा.

गणितच सांगतं, पडू द्या

आमच्यात इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा आहे. क्लेरिक खेळणारी ताई मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. फायटर १५ वर आला तशी ती हीलिंग द्यायला निघाली, तर हा म्हणाला, “ताई, आत्ता कशाला? पडू दे की त्याला आधी. आत्ता दिलंस तर वाया जाईल.” ताई म्हणाली, “दवाखान्यात असं म्हणाले तर मला घरी बसवतील.” पण बरोबर पोरगाच होता.

हिशोब बघा. तिसऱ्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन +२, एचपी २८. ओगरचा सोटा २डी८+४, सरासरी १३. दोन सोट्यांत २८ चे २ राहतात. तिसऱ्या सोट्यातले २ लागतात आणि उरलेले ११ हवेत विरतात, कारण शून्याच्या खाली नियम सहसा मोजतच नाहीत.

आता २०१४ च्या नियमांत ‘हीलिंग वर्ड’ म्हणजे १डी४+३, धरा ५ एचपी. पहिल्या सोट्यानंतर, फायटर १५ वर असताना दिले तर तो २० वर जातो, दुसऱ्या सोट्याला ७ वर येतो आणि तिसऱ्या सोट्यालाच पडतो. म्हणजे स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) गेला आणि मिळालं काहीच नाही. तेच ५ एचपी तो पडल्यावर दिले तर तो उठतो, एक वार करतो आणि चौथा अख्खा १३ चा सोटा त्या ५ वर झेलतो. खर्च तोच, फायदा सगळा दुसऱ्या बाजूला. खेळाडू हिशोबी असतील तर ते वाट बघणारच. त्यांना दोष देऊ नका.

वर बाकीच्या सवलती आहेतच. ‘हीलिंग वर्ड’ टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो आणि ६० फुटांवरून लागतो, म्हणजे क्लेरिक त्याच टर्नला कॅन्ट्रिपही (स्लॉट न लागणारा मंत्र) मारतो. उठायला फायटरचं निम्मं चालणं खर्च होतं, पण ओगर समोरच उभा असल्यामुळे त्याला चालायचंच नसतं. क्लेरिकची पाळी ओगरनंतर आणि फायटरच्या आधी आली तर फायटरचा एकही वार बुडत नाही. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे ४ आणि २ असे ६ स्लॉट, म्हणजे सहा उठाबशा. पॅलाडिन (धर्मयोद्धा) त्याच्याही पुढे: त्याच्या ‘ले ऑन हँड्स’ या स्पर्शाने बरं करायच्या शक्तीचे १५ पॉइंट एकेक करून देता येतात. ड्रूइडच्या (निसर्गपूजक मांत्रिकाच्या) ‘गुडबेरी’त एका स्लॉटमध्ये दहा बोरं, प्रत्येकी १ एचपी, बेशुद्ध माणसाच्या तोंडात ती कोंबू द्यायची की नाही हे डीएमवर.

हे कुठून आलं तेही बघण्यासारखं आहे. १९७४ चा मूळ खेळ सोडा, १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने शून्याला जबर किंमत लावली होती. शून्यावर गेलेला माणूस दर राउंडला एकेक एचपी गमावत उणे १० ला मरायचा. वाचवलाच तर १ ते ६ टर्न मूर्च्छेत पडून राहायचा, आणि तिथली एक टर्न म्हणजे १० मिनिटं. त्यानंतर किमान आठवडाभर आराम. उठाबशांचा प्रश्नच नव्हता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आठवडा गेला, पण उणे आकडे राहिले. उणे ८ वरच्या माणसाला ५ दिले तर तो उणे ३ वर यायचा, उठायचा नाही. २००८ मध्ये ठरलं की हीलिंग मिळालं की आधी शून्य धरायचं आणि तिथून वर मोजायचं. इथे दार उघडलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने उणे आकडे काढूनच टाकले.

हेतू चांगला होता. रविवारी संध्याकाळी तीन तास काढून आलेला खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात आडवा झाला आणि पुढे मोबाइल बघत बसला, तर पुढच्या रविवारी तो येणार नाही. त्यामुळे घरचा नियम करताना एक पथ्य पाळा: शून्य महाग करायचं, पण माणसाला खेळाबाहेर बसवायचं नाही. खालच्या उपायांना मी याच मापाने मोजलं आहे.

नियम न बदलता करायच्या दोन गोष्टी

दोन लाँग रेस्टच्या (एचपी आणि स्लॉट परत देणाऱ्या रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये किती लढाया होतात ते मोजा. २०१४ चं डीएमचं पुस्तक एका दिवसात सहा ते आठ मध्यम-अवघड लढाया धरून चालतं. घरगुती टेबलावर बहुतेक एकच मोठी लढाई होते आणि मग सगळे झोपतात. सहाच्या सहा स्लॉट एकाच लढाईसाठी मोकळे असतील तर क्लेरिक ते उडवणारच. लाँग रेस्ट फक्त सुरक्षित वस्तीत मिळेल एवढं ठरवलं तरी निम्मा आजार जातो. आमची सध्याची गोष्ट दंडोबाच्या डोंगरासारख्या डोंगरात चालते. गुहेत झोपलात तर शॉर्ट रेस्ट (थोडंच परत देणारी छोटी विश्रांती), खालच्या गावात परतलात तर लाँग. त्याच पुस्तकात आठ तासांचा शॉर्ट आणि सात दिवसांचा लाँग रेस्ट असा पर्यायही आहे. तो कागदावर छान वाटतो, पण विझार्ड आणि वॉरलॉक या दोन जातींच्या मांत्रिकांमधला तोल बिघडवतो. मी तो वापरत नाही.

दुसरं, शत्रूला डोकं द्या. एकदा पडलेला माणूस उठून वार करतो हे ज्या गोब्लिनने पाहिलं, तो दुसऱ्यांदा पडलेल्यावर सुरी चालवणारच. भुकेला लांडगा पडलेल्याला ओढत नेईल. ओगर मठ्ठ; तो पडलेल्याला विसरून पुढच्याकडे वळेल. हे नियमांत बसतं, पण धारदार आहे: पाच फुटांतून बेशुद्ध माणसावर बसलेला वार आपोआप क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार) आणि दोन डेथ सेव्ह (शून्यावर असताना जगण्या-मरण्याच्या फेकी; तीन चुकल्या की मरण) गेल्या. हे करणार असाल तर पहिल्या सेशनच्या आधीच सगळ्यांना सांगा. मध्येच सुरू केलं तर लोक ते मनाला लावून घेतात, आणि खरं तर बरोबरच आहे त्यांचं.

लोक करतात ते घरचे नियम

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे शून्यावर गेलास की एक पायरी एग्झॉस्चन, म्हणजे थकवा. २०१४ च्या तक्त्यावर हा नियम नीट बसत नाही. पहिल्या पायरीला फक्त अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), म्हणजे लढाईत जवळपास काहीच नाही. दुसरीला वेग निम्मा. तिसरीला एकदम वार आणि सेव्हिंग थ्रो (संकट टाळायची फेक) दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज, चौथीला कमाल एचपीच निम्मे. एका लाँग रेस्टला एकच पायरी उतरते. म्हणजे पहिल्यांदा कोणी दखल घेत नाही आणि तिसऱ्यांदा माणूस खेळायच्या लायकीचा राहत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारित नियमांतलं एग्झॉस्चन सरळ आहे: दर पायरीला डी२० च्या प्रत्येक फेकीतून २ वजा आणि वेग ५ फूट कमी. हाच उपाय करायचा असेल तर ते घ्या. तरीही माझा आक्षेप राहतोच. शिक्षा फायटरला होते, आणि फायटर काही हौस म्हणून पडत नाही. तो पुढे उभा राहतो म्हणून पडतो. हा नियम लागू झाला की फायटर मागे सरकतो आणि विझार्ड मरतो.

उणे एचपी परत आणणं हा जुन्या माणसांचा आवडता उपाय. गणिताचं भोक तो अगदी नेमका बुजवतो, कारण हवेत विरणारे ११ आता मोजले जातात. पण मरणाची रेषा उणे १० च्या खाली नेली तरी उणे ११ वरच्या फायटरला ‘हीलिंग वर्ड’ने उठवायला दोन-तीन राउंड लागतात आणि तेवढा वेळ तो खेळाडू भडंग खात बसतो. वरच्या लेव्हलला तर एका फटक्यात ३० जातात, मग उणे १० ची रेषा नावापुरतीच. गणितात पास, टेबलावर नापास.

आम्ही करतो ते

नियम छोटा आहे. कोणी दुसऱ्याच्या हीलिंगने शून्यावरून उठला की त्याच्या शीटवर डेथ सेव्हच्या फेल रकान्यात एक रेघ. छापील नियमात एक जरी एचपी मिळाला तरी ते रकाने पुसले जातात. आमच्याकडे ही रेघ राहते. दुसऱ्यांदा पडला तर मोजणी एका फेलपासून सुरू. दुसऱ्यांदा उठला की दुसरी रेघ. तिसरी रेघ उठण्याने पडत नाही, नाहीतर हीलिंगनेच माणूस मारल्यासारखं होईल. पण तिसऱ्यांदा पडला की पहिली चुकलेली फेक शेवटची. दहाच्या खाली पडायची शक्यता २० पैकी ९. तिथे टेबल गप्प होतं.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘वून्डेड’ नावाने याच जातीचा नियम छापलेला आहे, तेव्हा हा हवेतून काढलेला नाही. मला तो पटतो कारण उभ्या असलेल्या माणसाचं तो काहीच बिघडवत नाही. फायटर पूर्ण ताकदीने लढतो. फक्त पुढचं पडणं महाग झालेलं असतं, आणि त्याची काळजी क्लेरिकलाही घ्यावी लागते.

याला एक दुरुस्ती जोडावीच लागते. पडलेल्यावर जवळून वार झाला तर छापील नियमाने दोन फेल. आधीची एक रेघ धरली तर दुसऱ्यांदा पडलेला माणूस एका वारात संपतो. ते फार होतं. म्हणून आमच्याकडे पडलेल्यावरच्या वाराला एकच फेल. रेघा लाँग रेस्टला पुसल्या जातात. शॉर्ट रेस्टमध्ये एक रेघ पुसता येते, पण त्यासाठी हीलर्स किटचा (मलमपट्टीच्या पिशवीचा) एक वापर आणि स्वतःची एक हिट डाइस (विश्रांतीत एचपी भरून काढायचा फासा) खर्चायची, आणि त्या डाइसचे एचपी मिळत नाहीत. पाच सोन्याच्या नाण्यांचं ते किट एरवी कोणी विकत घेत नाही. आता पार्टीत दोन आहेत.

नुसता धाक पुरत नाही. पडण्याआधी हीलिंग देणंही फायद्याचं व्हायला हवं, नाहीतर क्लेरिकने करायचं काय? त्यासाठी जोडनियम: उभ्या माणसाला ‘क्युअर वून्ड्स’ हा मंत्र दिला तर फासा टाकायचा नाही, पूर्ण आकडा धरायचा. २०१४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने २डी८+३ चे पूर्ण १९ होतात. २ वर टेकलेला फायटर २१ वर जातो आणि पुढचा सोटा खाऊन ८ वर उभा राहतो. आता गणित उलटलं. शिवाय ‘क्युअर वून्ड्स’ला स्पर्श लागतो आणि पूर्ण अ‍ॅक्शन जाते, म्हणजे क्लेरिकला पुढे यावं लागतं आणि त्यालाही सोटा बसू शकतो. २०२४ चे नियम वापरत असाल तर हा जोडनियम करू नका. तिथे पहिल्या लेव्हलच्याच स्लॉटमध्ये २डी८+३ मिळतात, सरासरी १२ धरली तरी फायटर १४ वर जाऊन सोट्यानंतर १ वर उभा राहतो. पूर्ण आकडा दिला तर पार्टी पडणारच नाही.

उरला प्रश्न क्लेरिकला कळायचं कसं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. सांगलीत कोणी धोका पातळीची वाट बघत सामान हलवत नाही. तसंच एचपी निम्म्यावर आले की खेळाडूने मोठ्याने “इशारा” म्हणायचं. राक्षस निम्म्यावर आला की मीही म्हणतो. चौथ्या आवृत्तीत यासाठी ‘ब्लडीड’ होतं आणि २०२४ मध्ये ते परत आलं, तेव्हा नियमाला बाधा येत नाही. एरवी फायटर खेळणारा मर्दुमकीपायी बोलतच नाही आणि थेट शून्यावर गेल्यावर कळतं.

अडणाऱ्या जागा

नियम लावला की तासाभरात कोणीतरी फट शोधतो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. डेथ सेव्हवर २० पडला आणि माणूस स्वतःहून १ एचपीवर उठला तर रेघ नाही. एवढं नशीब असेल तर घेऊ दे. हाफ-ऑर्क शून्याऐवजी १ वर थांबतो तेव्हा तो पडलेलाच नसतो, रेघ नाही. ‘डेथ वॉर्ड’ या मंत्राचंही तसंच. ‘एड’ हा मंत्र टाकून एकदम तिघांना उठवलं तर तिघांनाही एकेक रेघ. पॅलाडिनचा एक पॉइंट आणि गुडबेरीचं एक बोर, दोन्हींना रेघ. ती चोरवाट इथेच बंद होते. शत्रूच्या टोळीत पुजारी असेल आणि तो त्यांच्या म्होरक्याला उठवत असेल तर म्होरक्यालाही रेघा लावा, आणि त्या खेळाडूंना दिसतील अशा लावा.

‘स्पेअर द डाइंग’ या मंत्राने कोणी फक्त स्थिर झाला (मरणाच्या फेकी थांबल्या, पण शुद्ध आली नाही) तर रेघ नाही, कारण तो उठलेला नाही. इथे आमच्या इंजिनिअरने लगेच ओळखलं की दुसऱ्या रेघेनंतर फायटरला स्थिर करून तसंच पडू द्यावं आणि लढाई बाकीच्यांनी संपवावी. चाल चांगलीच आहे, आणि अडवायचं कारण नाही. फक्त मग तो खेळाडू भडंग खात बसण्याचा प्रश्न परत येतो. त्यावर आम्ही असं करतो की स्थिर पडलेल्या खेळाडूच्या हातात राक्षसाचे फासे द्यायचे. ओगर कोणावर वळणार हे मी सांगतो, फेक आणि डॅमेज तो मोजतो. बहुतेकांना ते काम जरा जास्तच आवडतं. ताईच्या क्लेरिकला आजवरचा सगळ्यात मोठा सोटा तिच्याच फायटरने फेकून दिला आहे.